ध्वनिवर्धकाचा आवाज आणि त्याचें आयुष्य

शेवगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं अखंड हरिनाम सप्ताहाची तयारी सुरू झाली कीं मंडपाच्या बांबूंपाठोपाठ येणारी वस्तु म्हणजे ध्वनिवर्धकाची, लोकांच्या भाषेंत ॲम्प्लिफायरची, पेटी. एका पिढीपूर्वीं ही पेटी उचलून ठेवावयास दोन माणसें लागत. आज तितक्याच, किंबहुना त्याहून अधिक, शक्तीची पेटी एखादा मुलगा काखेंत मारून आणतो. पेटी हलकी झाली, ती तापेनाशी झाली आणि स्वस्तहि झाली. एवढे गुण एकत्र आल्यावर तिचें कौतुकच व्हावयास हवें होतें. परंतु मंडपवाले, भजनी मंडळी आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांच्या बोलण्यांत तिच्याविषयीं दोन तक्रारी वारंवार येतात. तिचा आवाज कोरडा, ही एक. आणि ती टिकत नाहीं, ही दुसरी.

या नव्या पेटींतील रचनेला तंत्रज्ञ 'डी-वर्ग' असें म्हणतात. तिच्यावरील आरोप खरे कीं खोटे, हें एका शब्दांत सांगतां येत नाहीं. कारण दोहोंनाहि इतिहास आहे, आणि तो इतिहास प्रामुख्यानें उष्णतेचा आहे. आवाज मोठा करावयाचा म्हणजे वीज खर्च करावयाची. आणि खर्चलेल्या विजेपैकीं जी कर्ण्याकडे जात नाहीं ती उष्णता होऊन यंत्राच्याच पोटांत राहते. ती कोठें घालवावयाची, या एका प्रश्नाभोंवतीं ध्वनिवर्धकाचीं शंभराहून अधिक वर्षें फिरत आलीं आहेत.

यंत्र येण्यापूर्वीं आवाज मोठा करण्याची विद्या या प्रदेशाला नव्हती असें मात्र समजूं नये. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२४ पर्यंत अहमदनगर हें नांव असलेल्या जिल्ह्यांत शेवगांव तालुका पूर्वेच्या अंगाला, गोदावरीच्या कांठीं आहे. शेजारीं नेवासें, जेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नदीपलीकडे पैठण, नाथांचें गांव. अशा मुलुखांत हजारों माणसांसमोर बोलणें ही नित्याची गोष्ट होती. कीर्तनकाराच्या पाठीमागें उभे राहणारे टाळकरी ध्रुपद उचलून धरीत, तें केवळ भक्तीपोटीं नव्हे. मागल्या रांगेंतील माणसाला अभंगाचा चरण त्यांच्याच कंठांतून ऐकूं येई. तमाशांतील झीलकरीहि हेंच काम करी. गाणाऱ्यानें टाकलेली ओळ तो उंच स्वरांत झेली आणि मैदानाच्या टोंकापर्यंत पोंचवी. पोवाडा आणि लावणी यांचा स्वर एवढा चढा कां, याचें एक साधें उत्तर असें कीं, तो तसा नसता तर ऐकूं आला नसता. माणसें हींच तेव्हां ध्वनिवर्धक होतीं. त्यांना भाकरी लागे, वीज लागत नसे.

विजेनें आवाज वाढविण्याची युक्ति १९०६ सालीं ली डि फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाच्या कांचेच्या नळींतून निघाली. निर्वात केलेल्या या नळींत एक तार तापवून लाल केली म्हणजे तिच्यांतून विद्युत्कण बाहेर पडतात, आणि मध्यें बसविलेल्या जाळीवर दुबळासा विद्युद्दाब कमीजास्त केला कीं त्या कणांचा मोठा प्रवाह त्याबरहुकूम कमीजास्त होतो. जाळीवर कुजबूज घालावी आणि दुसऱ्या टोंकाला गर्जना काढून घ्यावी, असा हा प्रकार. १९१५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळीं प्रिडहॅम आणि जेन्सन या दोघांनीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत कर्णे लावून जमलेल्या समुदायाला गाणीं ऐकविलीं. १९१९ मध्यें सॅन दिएगो शहरांत अध्यक्ष विल्सन यांचें भाषण सुमारें ५० हजार माणसांनीं याच साधनांतून ऐकलें.

भारतांत ही विद्या सामान्य माणसाच्या कानांपर्यंत नेण्याचें श्रेय फार मोठ्या प्रमाणावर एका मुंबईकर पेढीकडे जातें. तिचें नांव मात्र परदेशी: शिकागो रेडिओ. ज्ञानचंद चंदुमल मोटवाने यांनीं १९०९ मध्यें सिंधमधील सक्कर येथें सुरू केलेला विजेच्या सामानाचा व्यवसाय पुढें कराचीमार्गें मुंबईस आला. त्यांचे पुत्र नानिक मोटवाने यांनीं १९३० च्या सुमारास गांधीजींच्या सभांची अडचण ओळखली. गांधीजींचा आवाज मुळांतच हळू. सभेला लोटणारी माणसें लाखाच्या घरांत. पुढच्या रांगा ऐकत आणि मागच्या रांगा केवळ दर्शन घेत. मोटवाने यांनीं काँग्रेसच्या सभा-अधिवेशनांना ध्वनिक्षेपणाची व्यवस्था पुरवावयास आरंभ केला. त्या काळच्या छायाचित्रांत गांधी-नेहरूंच्या तोंडासमोरील मायक्रोफोनवर 'शिकागो' हीं अक्षरें दिसतात, आणि पुष्कळांना वाटतें कीं तें यंत्र अमेरिकेहून आलेलें असावें. या घराण्याचा कारखाना पुढें नाशिकरोडला उभा राहिला.

या व्यवसायाला धोका नव्हता असें नाहीं. ऑगस्ट १९४२ मध्यें मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला, पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि नेहरू, पटेल, आझाद प्रभृति मंडळी नगरच्या किल्ल्यांत येऊन पडली. त्याच महिन्यांत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईंतून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं तो पकडला. त्या खटल्यांत साहित्य पुरविल्याच्या आरोपावरून नानिक मोटवाने यांनाहि आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागलें; शेवटीं त्यांची निर्दोष सुटका झाली. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. आवाज दूरवर पोंचविणें ही केवळ सोय नसून सत्ता आहे, हें त्या वेळच्या सरकारला चांगलें कळत होतें.

आतां त्या नळ्यांच्या यंत्राची दुसरी बाजू. ईएल ३४ ही पुढील काळांत फार वापरली गेलेली शक्तिनळी. तिची नुसती तार लाल ठेवावयास सुमारें साडेनऊ वॅट वीज लागते. वक्ता अजून घरांतून निघालाहि नसला तरी हा खर्च चालूच. अशा दोन नळ्यांपासून चाळीसेक वॅट आवाजासाठीं मिळत. नळ्यांना शेंकडों व्होल्टचा दाब हवा. म्हणून जेथें वीज नाहीं तेथें मोटारीच्या बॅटरीवरून तो उत्पन्न करण्यासाठीं आणखी एक गुणगुणणारें उपकरण जोडावें लागे. जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर, कांचेच्या नळ्या, बॅटऱ्या आणि पत्र्याचे कर्णे असा संसार बैलगाडींत घालून कार्यकर्ते यात्रेला जात. तार झिजली कीं नळी बदलावी लागे. पण ती बदलणें दिवा बदलण्याइतकें सोपें होतें: जुनी उपटावयाची, नवी खोंचावयाची. 'जुनीं यंत्रें टिकत' असें जें म्हटलें जातें त्याचें मर्म येथें आहे. त्यांचे भाग वरचेवर मरत. यंत्र मात्र मरत नसे.

आणि आवाज? कर्ण्याचा गुण असा कीं एका वॅटमध्यें तो घरगुती लाऊडस्पीकरच्या कितीतरी पट अधिक आवाज देतो. म्हणून चाळीस वॅटवर अख्खें मैदान भागे. दोष असा कीं सेकंदाला सुमारें तीनशें कंपनांखालचा स्वर त्याच्या तोंडांतून जवळजवळ निघतच नाहीं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर-दीडशेंच्या आसपास असतो. म्हणजे कर्ण्यांतून ऐकणारा माणूस वक्त्याचा मूळ स्वर ऐकतच नसतो. वरच्या स्वरांवरून कान त्याची भरती करून घेतो. मृदंगाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमार तर बिचारा मंडपांतच राहून जाई. तेव्हां ज्या गोड भरदार आवाजाची आठवण वडीलधारी मंडळी काढतात, तो बराचसा कर्ण्याचा नसून आठवणीचाच असावा, अशी शंका घ्यावयास जागा आहे. शेवगांवशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे ते बाळासाहेब भारदे यांच्यासारखे संतवाङ्मयाचे रसाळ वक्ते, जे १९६२ ते १९७२ पर्यंत महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते, ते याच कर्ण्यांच्या युगांत बोलले. रस वाणींत होता; कर्णा तो सांडूं देत नसे, इतकेंच.

ध्वनिवर्धकांचे 'वर्ग' म्हणजे काय, हें समजून घेण्यास नगर जिल्ह्यांतील जुन्या विहिरींची मोट उपयोगी पडेल. ए-वर्ग म्हणजे असा मोटकरी, कीं ज्याचे बैल शेताला पाणी हवें असो वा नसो, सारखे पूर्ण जोरानें धांवेवर चालत असतात, आणि नको असलेलें पाणी पुन्हा विहिरींत सोडलें जातें. प्रवाह कधीं तुटत नाहीं, म्हणून आवाज अतिशय शुद्ध. पण साध्या रचनेंत विजेचा चौथा हिस्साहि आवाजाकडे जात नाहीं. बी-वर्ग ही दुमोटी विहीर. एक मोट वर येते तेव्हां दुसरी खालीं जाते. प्रत्येकीनें अर्धें काम करावयाचें. वीज वांचते, हिशेबानें कमाल साडेअठ्ठ्याहत्तर टक्के उपयोगीं लागते. मात्र एक मोट संपून दुसरी सुरू होण्याच्या क्षणीं हिसका बसतो, आणि हा हिसका हळू आवाजांत कानाला खुपतो. त्यावर तोड म्हणून पहिली पुरती रिकामी होण्याआधींच दुसरी थोडी उचलूं लागावी, ही एबी-वर्गाची तडजोड. दुकानांत आणि देवळांत गेलीं साठएक वर्षें जे ध्वनिवर्धक वाजले, त्यांतील बहुतेक या तडजोडीचे होते.

डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला आणि तापणाऱ्या तारेची गरज संपली. तरी उष्णता गेली नाहीं. आरंभींचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवे. नव्वदएक अंशांपलीकडे त्यांचा टिकाव नसे, आणि वैशाखांत बंद पेटींत ती मर्यादा गांठावयास वेळ लागत नाहीं. सिलिकॉननें ही अडचण पुष्कळशी दूर केली. टोपीसारख्या धातूच्या डबींतला ३०५५ क्रमांकाचा सिलिकॉन ट्रान्झिस्टर अमेरिकेंत १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत निघाला आणि भारतांतील कारागिरांच्या तोंडीं तो आंकडा पाठ झाला. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सरळ चालणारे ध्वनिवर्धक आले. दिल्लीची, १९४० सालीं सुरू झालेली अहुजा ही पेढी याच काळांत खेड्यापाड्यांत पोंचली. अशा पेटीच्या पाठीला ॲल्युमिनियमचे पंखे-पंखे असलेले जाड पत्रे असतात. शोभेसाठीं ते नव्हेत, उष्णता वाऱ्यावर सोडण्यासाठीं आहेत. पेटी जड झाली ती या पत्र्यांनीं आणि आंतील ट्रान्सफॉर्मरनें. ट्रान्झिस्टर जळला तर दोन स्क्रू, एक डाग आणि अर्धा तास, इतक्यांत काम होई.

वर सांगितलेल्या सर्व वर्गांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील नळी किंवा ट्रान्झिस्टर हें पाटाचें अर्धवट उघडलेलें दार आहे. आवाजाप्रमाणें तें थोडें अधिक उघडतें, थोडें अधिक मिटतें. पण नेहमीं अर्धवट, आणि अर्धवट दारांतून पाणी घासत जातें. उष्णता त्या घासण्याची. मग दार केव्हांच अर्धवट ठेवूं नये; पूर्ण उघडावें नाहीं तर पूर्ण मिटावें, आणि किती वेळ उघडें व किती वेळ मिटलेलें या प्रमाणावर पाणी मोजावें, असें केलें तर? पूर्ण मिटलेल्या दारांतून पाणीच जात नाहीं, पूर्ण उघड्या दाराला घर्षण नाहीं, तापावयाचें कोणीं? डी-वर्गाची सारी कल्पना एवढीच आहे. दार मात्र सेकंदाला तीन-चार लक्ष वेळां उघडमीट करावें लागतें. त्या धक्क्याधक्क्यानें येणाऱ्या प्रवाहाला शेवटीं एका वेटोळ्यांतून आणि एका कपॅसिटरमधून नेतात. मोटेचें पाणी भसाभस थारोळ्यांत पडतें आणि पाटानें संथ वाहूं लागतें, तेंच काम हे दोन भाग करतात. विजेचा नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक वांटा कर्ण्याकडे जातो. 'डी' हें अक्षर 'डिजिटल'चें आद्याक्षर, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. ए, बी, सी हीं नांवें आधींच दिलेलीं होतीं, पुढचें अक्षर डी. यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं.

ही कल्पना १९५० नंतरच्या दशकांतली. तिचें जनकत्व सामान्यतः ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज संशोधकाला देतात. १९६४ मध्यें क्लाईव्ह सिंक्लेअर यांनीं इंग्लंडांत तिच्यावर आधारलेला एक्स-१० नांवाचा संच विक्रीस काढला. जाहिरात दहा वॅटची. प्रत्यक्षांत निघत अडीच. त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगानें उघडमीट करणारे नव्हतेच. दार मिटावयाच्या आधींच पुन्हा उघडण्याचा हुकूम येई. मग तापणें, फुटणें आणि शेजाऱ्याच्या रेडिओंत खरखर उठविणें हे सर्व प्रकार त्या संचानें केले. डी-वर्गाला जी अपकीर्ति चिकटली ती येथें. १९७७ मध्यें सोनीनें नव्या जातीचे वेगवान ट्रान्झिस्टर घालून या वर्गाचा मोठा ध्वनिवर्धक काढला. तरी तो मार्ग रुळला नाहीं. कल्पना बरोबर आणि साहित्य अपुरें, अशी ही तीस वर्षांची खोळंबलेली वाटचाल आहे.

साहित्य आलें तें मॉस्फेट या ट्रान्झिस्टरच्या सुधारणेनें आणि सारी रचना एका नखाएवढ्या चकतीवर बसविण्याच्या कौशल्यानें. येथें एका भारतीय नांवाचा उल्लेख अगत्याचा आहे. आद्य त्रिपाठी यांनीं १९९५ मध्यें कॅलिफोर्नियांत ट्रायपाथ ही कंपनी स्थापिली. तिच्या टीए २०२० या चकतीचा आवाज असा निघाला कीं कान चोखंदळ असलेली मंडळीहि चपापली. २००९ मध्यें अमेरिकेंतील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेच्या मासिकानें जग हलविणाऱ्या पंचवीस चकत्यांच्या यादींत तिला स्थान दिलें. पण तोंपर्यंत ती कंपनी उरली नव्हती. २००७ सालींच तिचें दिवाळें निघालें होतें. तिच्या चकत्या असलेल्या पेट्या मात्र त्यानंतरहि वर्षानुवर्षें वाजत राहिल्या, आणि एकदां बिघडल्या कीं बदली चकती कोठें मिळेना. टिकाऊपणाचा हा एक पैलू कोणत्याहि प्रयोगशाळेंत मोजला जात नाहीं.

आवाजाच्या आरोपाचा निकाल लावावयाचा तर दोष नेमका कोठें होता तें पाहिलें पाहिजे. १९२७ च्या ऑगस्टांत हॅरोल्ड ब्लॅक या तरुण अभियंत्यानें कामावर जातांना होडींत बसल्या बसल्या वर्तमानपत्राच्या पानावर एक आकृति काढली होती: बाहेर पडलेल्या आवाजाचा एक अंश परत आंत आणून मुळाशीं ताडून पाहावयाचा आणि जो फरक आढळेल तो उलटा करून दुरुस्ती करावयाची. ही युक्ति सर्वच चांगल्या ध्वनिवर्धकांत असते. डी-वर्गाच्या आरंभींच्या पेट्यांत ही तपासणी थारोळ्याच्या अलीकडे, दाराशींच होई. पाटकरी दाराशीं उभा राहिला तर किती पाणी सुटलें तें त्याला दिसतें. शेतांत किती पोंचलें तें दिसत नाहीं. परिणाम असा होई कीं जोडलेला लाऊडस्पीकर बदलला म्हणजे उंच स्वरांचा तोल बदले. एका स्पीकरवर टाळ बोचरे लागत, दुसऱ्यावर मंद. 'कोरडा' हा शब्द येथून आला, आणि तो खोटा नव्हता. २००१ च्या सुमारास फिलिप्समध्यें काम करणारे ब्रूनो पुत्सेयस यांनीं पाटकऱ्याला शेताच्या बांधावर आणून उभें केलें. म्हणजे तपासणी थारोळ्याच्या पलीकडे घेतली. त्यांच्या त्यापुढील रचनांत विकृतीचें प्रमाण इतकें खालीं गेलें आहे कीं मोजणारीं उपकरणेंच अपुरीं पडूं लागलीं. तेव्हां आज 'डी-वर्ग म्हणून आवाज वाईट' असें म्हणणें अन्यायाचें आहे. 'स्वस्तांतली पेटी म्हणून आवाज वाईट' असें म्हटलें तर त्याला कोणी हरकत घेणार नाहीं. पण तो दोष वर्गाचा नव्हे, किंमतीचा.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे, आणि त्यांत तथ्यहि अधिक आहे. कागदावर पाहिलें तर डी-वर्गाची पेटी दीर्घायुषी असावयास हवी. शंभर वॅट आवाज देतांना एबी-वर्गाची पेटी पन्नास-साठ वॅट उष्णता पोटांत घेते. डी-वर्गाची दहाच्या आसपास. आणि यंत्रांतील सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे विजेचा सांठा करणारा, ओलसर द्रव्य भरलेला कपॅसिटर. त्याचें आयुष्य तर सर्वस्वीं उष्णतेवर अवलंबून. ढोबळ नियम असा कीं तपमान दहा अंशांनीं उतरलें कीं आयुष्य दुप्पट होतें. १०५ अंशांवर दोन हजार तास टिकण्याची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर बत्तीस हजार तास टिकेल. रोज चार तास पेटी वाजली तर हीं जवळजवळ बावीस वर्षें झालीं. हिशेब बिनचूक आहे.

पण हा हिशेब करणारा माणूस शेवगांवांत बहुधा आलेला नसतो. येथें वैशाखांत सावलींतलें तपमान चाळिशीपलीकडे जातें. पेटी पत्र्याच्या छपराखालीं, कापसाच्या आणि रस्त्याच्या धुळींत, भिंतीला टेकून ठेवलेली. तिच्या पोटांतला लहानसा पंखा धूळ खाऊन बसला कीं आंतलें तपमान पासष्टावर न थांबतां ऐंशी-पंचाऐंशीला जातें, आणि बावीस वर्षांचीं पांचसहाच होतात. दुसरें कारण विजेच्या पुरवठ्याचें. जुन्या पेटींतला पंधरा-वीस शेर लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर हा हत्तीसारखा सोशिक. दाब उतरला तर आवाज उतरे, दाब क्षणभर उसळला तर तो तें गिळून टाकी. नव्या हलक्या पेटींत त्याच्या जागीं वेगानें उघडमीट करणारा वीजपुरवठा बसविलेला असतो. दाब उतरला तरी तो पूर्ण आवाज देत राहतो, हें खरें; पण त्यासाठीं तारेंतून अधिक प्रवाह ओढतो आणि आपण तापतो. दाब उसळला तर त्याचे सूक्ष्म भाग प्रथम बळी पडतात. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रानें जें कठोर भारनियमन सोसलें, त्यांत दिवसांतून कित्येक वेळां वीज जाई आणि येतांना झटक्यानें येई. वर जनरेटरची दोलायमान वीज. मंडपांतील न्यूट्रलची तार सुटली तर दोनशें तीसच्या जागीं चारशेंच्या आसपास व्होल्ट पेटीवर येतात. असल्या परीक्षेंत लोखंड उत्तीर्ण होतें, नाजूकपणा होत नाहीं. हलक्या पेटीचा दोष बहुधा ध्वनिवर्धकांत नसतो. तो तिच्या वीजपुरवठ्यांत असतो. लोक मात्र नांव डी-वर्गाचें घेतात.

तिसरें कारण कारागिराच्या टेबलावर आहे, आणि तेंच सर्वांत जिव्हारीं लागणारें आहे. नळी हातानें बदलत, ३०५५ स्क्रूनें. नव्या पेटींत तांदळाच्या कण्यांएवढे भाग पाटीवर चिकटविलेले. त्यांवरील क्रमांक भिंगाखालींहि वाचवत नाहींत, कित्येकदां ते मुद्दाम खरवडलेले असतात. नकाशा मिळत नाहीं. मग 'पाटी बदला' हेंच एक औषध. आणि दोन वर्षांनीं त्या नमुन्याची पाटी निघणें बंद झालेलें असतें. ज्या कारागिरानें वीस वर्षें गांवांतील सर्व देवळांचीं यंत्रें जिवंत ठेवलीं, त्याच्याजवळ आतां सांगण्यासारखें एकच उरतें, कीं नवी घ्या. यंत्राचें आयुष्य हें त्याच्या भागांच्या आयुष्याइतकें नसून, तें उघडून बघणाऱ्या माणसाच्या हिंमतीइतकें असतें, हें शेवगांवच्या बाजारपेठेंत जितकें स्पष्ट दिसतें तितकें कारखान्याच्या पत्रकांत दिसत नाहीं.

उष्णता गेल्याचा आणखी एक परिणाम झाला, तो कोणीं कल्पिला नव्हता. वॅट हलके आणि स्वस्त झाले, तेव्हां लोकांनीं वाहण्याचा भार कमी केला नाहीं, वॅट वाढविले. मिरवणुकींत स्पीकरांच्या भिंती उभ्या राहिल्या. त्यांना महाराष्ट्रांत सर्रास 'डॉल्बी' म्हणतात. ज्या रे डॉल्बी यांचें हें नांव, ते १९६३ ते १९६५ हीं वर्षें भारत सरकारचे सल्लागार म्हणून युनेस्कोच्या वतीनें भारतांत होते, आणि १९६५ मध्यें लंडनला जाऊन त्यांनीं जी कंपनी काढली तिची कीर्ति फितीवरील नको असलेला खरखराट नाहींसा करण्याबद्दल झाली. गोंगाट कमी करणाऱ्याचें नांव गोंगाटालाच मिळावें, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली, रात्रीं दहा ते सकाळीं सहा कर्णे बंद ठेवावयास सांगितलें. २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांस दुजोरा दिला. कानांच्या आंतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या कीं पुन्हा उगवत नाहींत. त्यांची पाटीहि बदलतां येत नाहीं.

मंडपासाठीं पेटी घेणाऱ्यानें मग पाहावयाचें काय? वर्गाचें अक्षर नव्हे. पेटी पाठीमागून उघडतां येते कीं नाहीं, पंखा निघून धुतां येतो कीं नाहीं, कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत कीं ८५ चे, पाटी तालुक्याच्या किंवा निदान नगरच्या दुकानांत मिळते कीं नाहीं, हें विचारावें. पेटीआधीं दाब आवरणारें उपकरण जोडावें, आणि न्यूट्रलची तार स्वतः ओढून पाहावी. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीं काल्याचें कीर्तन भर उन्हांत होतें, आणि त्याच दिवशीं पेट्या दगा देतात असा मंडपवाल्यांचा अनुभव असतो. जुने हात त्या दिवशीं पेटी जमिनीवर ठेवीत नाहींत. तिच्याखालीं दोन विटा आडव्या घालतात, भिंतीपासून वीतभर पुढें ओढतात, आणि तिच्यावर कोणी उपरणें टाकलें तर तें मुकाट्यानें उचलून बाजूला ठेवतात.